भटजींचं सत्तावन्न

सध्या पुन्हा एकदा गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वाचतोय. कुणी १८५७ वरचं एकच मराठी पुस्तक सुचव म्हणालं, तर मी हेच सांगतो. फक्त आवृत्ती कोणती, ते विचारून घ्या!

विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली आणि १८५७ साली हे काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बंड पाहायला नव्हे, पैसे मिळवायला. माझ्या मते पुस्तकाचा सगळा जीव इथेच आहे. या माणसाला कुणाची बाजू मांडायची नाही. कुठे किती दक्षिणा मिळाली, कुठे जेवण कसं होतं, हे तो जितक्या मन लावून सांगतो, तितक्याच मन लावून झाशीचा वेढाही सांगतो.

आणि झाशी! एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली तेव्हा भटजी तिथेच दडून बसले होते. बिजन, जळणारी घरं, आणि मग ठरवून केलेली लूट. आधी सोनं-रुपं, मग भांडीकुंडी, मग कपडेलत्ते, शेवटी धान्यसुद्धा. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण सांगताना हा भिक्षुक खरा हळहळतो. पोथ्यांची किंमत त्याला ठाऊक होती. ह्यू रोजच्या मोहिमेच्या वर्णनांत शहर ‘पडतं’ एवढंच कळतं. शहर पडतं म्हणजे गल्लीत नेमकं काय होतं, ते इथे कळतं.

आता आवृत्तीचं. भटजींनी हे लिहिलं ते चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, घटना घडून गेल्यावर पंचवीसेक वर्षांनी. (म्हणजे तारखा, आकडे जपूनच घ्यावेत.) वैद्यांनी ते छापलं १९०७ साली. भटजी तोवर हयात नव्हते. बंडाची हकीकत जिवंतपणी स्वतःच्या नावावर छापणं त्या काळी सोपं नव्हतंच. पण वैद्यांनी भाषेवर हात फिरवला, मजकुरातही काटछाट केली. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं आणि दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून अस्सल मजकूर छापला तो थेट १९६६ साली. साठ वर्षं मराठी वाचक सोवळं नेसवलेले भटजी वाचत होता!

वैद्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी आग्रह धरला नसता तर हे लिहिलंच गेलं नसतं. पण वाचायची ती पोतदारांची प्रत. वाक्यं लांबलचक, विरामचिन्हांची मारामार, पहिली वीस पानं अडखळायला होतं. नेट धरा. नंतर कुणीतरी ओसरीवर बसून सांगतंय असं वाटू लागतं. हिंदीत अमृतलाल नागरांचा अनुवाद आहे, इंग्रजीतही २०११ मध्ये मृणाल पांडे यांचा आला. मराठी न वाचणाऱ्या मित्रांना ते द्यायला हरकत नाही.

एक प्रसंग मात्र चुकवू नका. पराभवानंतर रस्त्यातल्या विहिरीवर राणीची आणि भटजींची गाठ पडते. तहानलेली राणी त्यांना पाणी काढू देत नाही, स्वतःच शेंदते. भटजी ते मोजक्या शब्दांत सांगून पुढे जातात.

कमावलेला पैसा बहुतेक लुटीत गेला. भटजी वरसईला परतले ते गंगेची कावड घेऊन. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं.