मुखाचे छायाचित्र आणि माणसाची ओळख

तिरोडीच्या मँगनीज खाणीतील एखादा कामगार, खर्रा खाऊन खाऊन तोंड उघडेनासे झाले की, तुमसरमार्गे नागपूर गाठतो. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमच्या प्रांताची राजधानी होती. पुढे सीमा बदलली, उपचाराची वाट मात्र तीच राहिली. १९६८ पासून तेथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. दंतवैद्यकाच्या कोणत्याही महाविद्यालयात विद्यार्थी रुग्णाचे ओठ-गाल बाजूला सारतो, आरसा धरतो आणि छायाचित्र घेतो. पूर्वी त्यासाठी मोठा कॅमेरा लागे. आता खिशातला मोबाइल पुरतो. हे चित्र कोणाचे, हा प्रश्न मात्र जुना आहे.

आपल्याकडे वैद्यक आणि छायाचित्रण यांची गाठ लवकर पडली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. तेच या सोसायटीतील छायाचित्रकारही होते. त्याच सुमारास, १८५६ साली, लंडनमध्ये डॉ. ह्यू डायमंड यांनी मनोरुग्णांच्या छायाचित्रांवर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. आजाराची नोंद, रुग्णास त्याचे रूप दाखवून उपचारास साह्य आणि तो पुन्हा दाखल झाल्यास ओळख पटवणे, असे तीन उपयोग त्यांनी सांगितले. म्हणजे रुग्णाचे छायाचित्र आरंभापासूनच ओळखीचे साधन होते.

त्याची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. सुपारीने तोंड आखडण्याच्या विकाराचे, सबम्युकस फायब्रोसिसचे, वर्णन मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ साली केले. गालाच्या आतील पांढुरकी, ताठर त्वचा शब्दांत सांगून विद्यार्थ्यास कळत नाही. चित्र पाहताच कळते. उपचाराआधीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवले, तर गुण आला की नाही तेही दिसते.

संमतीचा विचार मात्र फार उशिरा आला. ओळख पटेल असे काही रुग्णाच्या लेखी संमतीवाचून छापू नये, असे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९९५ साली सांगितले. डोळ्यांवर काळी पट्टी ओढणे पुरेसे नाही, असेही ही समिती सांगते. आपल्याकडे डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या नियमावलीत परवानगीची अट आली. पण ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही, अशी मुभाही तेथेच आहे.

आमचा आक्षेप या मुभेपाशी आहे. ओळख पटते की नाही, हे ठरवायचे कोणी? १८९७ साली पॅरिसच्या धर्मादाय बाजारात आग लागली, तेव्हा जळालेल्या कित्येक मृतांची ओळख दंतवैद्यांनी दातांवरून पटवली. जे दात मेलेल्या माणसाचे नाव सांगतात, ते जिवंत माणसाचे नाव कसे लपवतील? शहराच्या गर्दीत काळी पट्टी कदाचित चालेल. तिरोडीसारख्या गावात पुढचा तुटका दात, ओठावरचा व्रण, हनुवटीवरचे गोंदण एवढ्यावरून शेजारी माणूस ओळखतात. लग्नाच्या मुलीचे असे चित्र विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरून फिरत गावी पोहोचले, तर नियमावली तिच्या कामी येणार नाही.

म्हणून शटर दाबण्याआधी विद्यार्थ्याने रुग्णास त्याच्या भाषेत तीन गोष्टी सांगाव्यात: चित्र कशासाठी, कोण पाहणार आणि नाही म्हटल्यास उपचारात उणे पडणार नाही. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तोंड उघडून बसलेल्या माणसास बोलता येत नाही. त्याचे मौन म्हणजे होकार नव्हे.