ओले अंथरूण : स्मृतिभ्रंशाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

स्मृतिभ्रंशाचा इतिहास बहुधा मेंदूच्या छेदांवरून सांगितला जातो. इ. स. १९०६ च्या नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथे आलोइस अल्त्सहायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूत आढळलेल्या विकृतींचे निवेदन केले. १९०७ मध्ये ते छापून आले. आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात त्या विकाराला अल्त्सहायमरांचे नाव दिले. ही रूपरेषा सर्वश्रुत आहे. परंतु या इतिहासाची दुसरी बाजू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ती अंथरुणावर दिसते. रुग्णाचा मलमूत्रावरील ताबा सुटल्यावर त्याची निगा कोणी व कशी राखली, आणि त्या घटनेला कोणत्या शब्दांत ओळखले गेले, हे प्रश्न या बाजूच्या केंद्रस्थानी आहेत.

औगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तिचे पती कार्ल रेल्वेत कारकून होते. त्या वर्षीच्या वसंतापासून पत्नीचा निराधार संशय, विस्मरण आणि घरकामातील गोंधळ वाढत गेला, तेव्हा त्यांना हा मार्ग पत्करावा लागला. रुग्णालयात पतीचे नाव विचारले असता तिने स्वतःचेच नाव सांगितले, अशी नोंद आहे. दीर्घकाळ हरवलेली ही कागदपत्रे १९९५ मध्ये फ्रँकफुर्ट येथेच सापडली. पतीने सांगितलेली लक्षणे अशा रीतीने इतिहासात आली. पतीने त्याआधी घरी केलेली शुश्रूषा मात्र इतिहासाचा विषय झाली नाही.

१९०७ च्या निबंधात तिच्या अखेरच्या अवस्थेचे वर्णन अत्यंत थोडक्यात आहे. ती पाय आखडून निश्चेष्ट पडून असे, मलमूत्र अंथरुणातच होई, आणि काळजी घेऊनही तिला शय्याव्रणे झाली. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचा मृत्यू झाला. शय्याव्रणांतून झालेली रक्तातील जंतुबाधा हे त्याचे कारण नोंदलेले आहे. ज्या रुग्णेमुळे या विकाराचे नाव रूढ झाले, तिच्या मृत्यूचे निकटचे कारण शय्येवरच उत्पन्न झाले होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सतत ओली राहिलेली त्वचा दाबाखाली लवकर फाटते. म्हणून कोरडे अंथरूण ही केवळ सोयीची बाब नसून प्राणरक्षणाची बाब आहे.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. त्या निबंधातील जर्मन वाक्प्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘स्वतःखाली जाऊ देणे’ असा आहे. म्हणजे जी क्रिया रुग्णाच्या हाती उरलेलीच नाही, तिचे कर्तृत्व व्याकरणाने त्याच्याकडेच राहते. लॅटिनमधून आलेल्या ‘इन्कॉन्टिनन्स’ या संज्ञेचा मूळ अर्थ ‘धरून न ठेवणे’ असा असून नैतिक असंयम हाही तिचा जुना अर्थ आहे. मराठीत दोन्ही वाटा उपलब्ध आहेत. ‘त्यांना अंथरुणातच झाली’ या वाक्यात व्यक्ती चतुर्थीत आहे. क्रिया तिच्या बाबतीत घडते. ‘त्यांनी अंथरुणात केली’ या वाक्यात तीच व्यक्ती कर्ता होते आणि दोषाचा आरोप आपोआप येतो. रात्री तिसऱ्यांदा उठलेला थकलेला जोडीदार पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर केव्हा सरकतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्दही या भारापासून मुक्त नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो क्रोध आणि मोह यांच्या परिणामांच्या मालिकेत येतो, शरीराच्या रोगाच्या संदर्भात नव्हे.

विसाव्या शतकात ही दोषदृष्टी हळूहळू ओसरू लागली. १९३५ पासून लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन यांनी वर्षानुवर्षे खाटेवर पडून असलेल्या वृद्धांची नव्याने तपासणी केली व त्यांपैकी अनेकांना पुन्हा चालते केले. डोरीन नॉर्टन व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये वृद्धांच्या शुश्रूषेवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. शय्याव्रणांचा धोका मोजण्याच्या त्यांच्या मापनपट्टीतील पाच निकषांत शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे व हालचाल यांच्या बरोबरीने मलमूत्रावरील ताबा हाही एक निकष होता. ज्या गोष्टीविषयी कुजबुजत बोलले जाई, ती अशा रीतीने मोजण्याजोगी व टाळण्याजोगी ठरली.

पुढचा टप्पा १९८० च्या दशकात अमेरिकेतील शुश्रूषागृहांत आला. अनेक रुग्णांच्या मूत्राशयाचे कार्य ठीक असते. विसर पडतो तो शौचालयाच्या वाटेचा, कपड्यांच्या बंदांचा किंवा वेग येण्याच्या संवेदनेच्या अर्थाचा. म्हणून दर दोन तासांनी विचारणे, आधार देऊन नेणे आणि जमल्यास शाबासकी देणे ही पद्धत रुजली. घरातही तिचा उपयोग होतो : दाराशी रात्रभर मंद दिवा, सहज सुटणारी वस्त्रे, झोपण्यापूर्वी शौचालयात नेणे, संध्याकाळनंतर चहा कमी करणे, मात्र दिवसा पाणी तोडू नये. ताबा अकस्मात सुटल्यास तो रोगाचा अटळ टप्पा न समजता मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग किंवा बद्धकोष्ठ तपासून घ्यावे लागते. अंथरूण घामाने भिजले असल्यास कारणे निराळी : ताप, संसर्ग, रक्तातील साखर उतरणे किंवा एखादे औषध. औषधांचाही स्वतंत्र इतिहास आहे. स्मृतीसाठी दिल्या जाणाऱ्या औषधांच्या एका वर्गाने मूत्रवेग वाढू शकतो. तो रोखण्यासाठी दिलेले औषध स्मृती अधिक मंद करू शकते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही साखळी स्पष्ट दिसली.

नाव बदलल्याने दृष्टी बदलते काय, याचे उदाहरण जपानमध्ये मिळते. सावाको आरियोशी यांच्या १९७२ च्या कादंबरीत सासऱ्याची शुश्रूषा करणारी सून मध्यवर्ती आहे; त्या कृतीने घरातील अदृश्य श्रम सार्वजनिक चर्चेत आणले. २००० मध्ये तेथे दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला आणि २००४ मध्ये शासनाने मूर्खपणाची छटा असलेली ‘चिहो’ ही संज्ञा टाकून ‘निन्चिशो’ ही संज्ञा स्वीकारली. नव्या नावाबरोबर शुश्रूषेची व्यवस्थाही उभी होती, हे येथे विसरता येत नाही.

भारतात या रुग्णांसाठीची राष्ट्रीय संस्था १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशातील साठ वर्षांवरील सुमारे ८८ लक्ष व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची शुश्रूषा बहुतांशी घरीच होते आणि ती करणारा जोडीदार अनेकदा स्वतःही वृद्ध असतो. ‘म्हातारचळ’ आणि ‘साठी बुद्धी नाठी’ हे मराठीतील जुने प्रयोग या दोघांच्याही उपयोगाचे नाहीत. पहिला रुग्णाची थट्टा करतो, दुसरा उपाय शोधण्याची इच्छाच मारतो. उलट, ‘त्यांना झाली’ ही साधी वाक्यरचना वैद्यकीय दृष्ट्या अधिक अचूक आहे आणि नात्याच्या दृष्टीने अधिक न्याय्य आहे. कार्ल डेटर यांच्या रात्रींचा इतिहास आता लिहिता येणार नाही. आजच्या जोडीदारांच्या रात्रींची नोंद मात्र घेता येईल, आणि वार्धक्याच्या इतिहासाने ती घेणे आवश्यक आहे.