चॅलेंजर : शेवटचे पंधरा तास

(वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या)

२७ जानेवारी १९८६, रात्री ८.४५
युटातली मॉर्टन थायोकॉल कंपनी, नासाचं मार्शल केंद्र आणि फ्लोरिडातलं केनेडी केंद्र मिळून ३४ जण फोनवर. उद्या चॅलेंजर या अवकाशयानाचं उड्डाण, आणि फ्लोरिडात पारा शून्याखाली जाणार. थायोकॉलच्या बूस्टरचे सांधे रबरी ओ-रिंग्ज बंद ठेवतात. गारठ्यात रबर कडक होतं, फट वेळेत बुजत नाही. अभियंते रॉजर बॉइसजॉली गेल्या जानेवारीतल्या उड्डाणाचा पुरावा मांडतात. तेव्हा १२ अंशांतही पहिल्या रिंगेपलीकडे काळी काजळी पोचली होती. शिफारस स्पष्ट : १२ अंशांखाली उडवू नका.

रात्री १० च्या सुमारास
नासाचे लॅरी मलॉय वैतागतात : मग उडवायचं कधी, एप्रिलमध्ये? एरवी यान सुरक्षित असल्याचं सिद्ध करावं लागे. आज ते बिघडेलच हे सिद्ध करा, असा उलटा न्याय.

१०.३०
थायोकॉल पाच मिनिटं मागून घेते, अर्धा तास लावते. आर्नी थॉम्पसन टेबलापाशी जाऊन कागदावर सांधा काढून दाखवतात, बॉइसजॉली फोटो पुढे करतात. कोणी दाद देत नाही. चार वरिष्ठांपैकी अडतात ते फक्त अभियांत्रिकीप्रमुख बॉब लंड. उपाध्यक्ष जेरी मेसन त्यांना सांगतात, अभियंत्याची टोपी उतरवा, व्यवस्थापकाची घाला. लंडही ‘मम’ म्हणतात. अभियंत्यांना कोणी मत विचारत नाही.

११.००
फोन पुन्हा सुरू. आता शिफारस : उडवा. नासा विचारते, कोणाचं वेगळं मत? लाइनवर शांतता. निर्णय झाल्यावर विचारलेल्या या प्रश्नाला साहेबांसमोर कोण उत्तर देणार? केनेडीत असलेले थायोकॉलचे ॲलन मॅकडोनल्ड मात्र या शिफारशीवर सही करायला नकार देतात. पाऊण तासाने युटाहून दुसऱ्याच्या सहीचा फॅक्स येतो.

२८ जानेवारी, सकाळ
प्रक्षेपण मनोऱ्यावर बर्फाचे सुळके. यान बनवणारी रॉकवेल कंपनी म्हणते, सुरक्षिततेची खात्री देता येत नाही. नासा याला नकार समजत नाही.

११.३८
तापमान २ अंश. उड्डाण. पहिला सेकंद पुरा व्हायच्या आत उजव्या बूस्टरच्या सांध्यातून काळा धूर. युटात टीव्हीसमोर बॉइसजॉलींना वाटतं, सुटलो. ७३ व्या सेकंदाला यान फुटतं. शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ यांच्यासह सातही जण जातात.

ज्यांनी अखेरचा होकार दिला, त्यांच्यापर्यंत रात्रीचा नकार पोचलाच नव्हता, हे पुढे अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगासमोर उघड झालं.