तळटीप 14 : अर्धचकतीची कसोटी

14. डांबरी मिश्रणाला तडा किती सहज जातो, हे मोजणारी ‘आय-फिट’ ही चाचणी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात इमाद अल-कादी यांच्या गटाने विकसित केली. मिश्रणाची 150 मि.मी. व्यासाची, 50 मि.मी. जाडीची चकती मधोमध कापून सपाट कडेला 15 मि.मी. खोल खाच देतात. ती कड खाली ठेवून अर्धचकती दोन रुळांवर टेकवतात आणि 25 अंश सेल्सिअसला वरून मिनिटाला 50 मि.मी. वेगाने दाबतात. खाचेतून निघालेली भेग वर चढत जाते.

भार किती पेलला, एवढ्यावर इथे भागत नाही. शिखर गाठल्यावर तो उतरतो कसा, हेही पाहायचे. चिवट मिश्रणात तो रेंगाळत उतरतो. ठिसूळ मिश्रणात कड्यावरून दगड सुटावा तसा कोसळतो. भेग पाडायला लागलेल्या ऊर्जेला या उताराने भागून ‘लवचीकता निर्देशांक’ काढतात. मजकुरातला 8 हा आकडा म्हणजे इलिनॉयच्या परिवहन खात्याने गरम मिश्रणासाठी ठरवलेली किमान मर्यादा.

जुना रस्ता खरवडून निघालेला माल नव्या मिश्रणात वाढवला, की हा निर्देशांक सहसा घसरतो. त्या मालातले डांबर हवेने आणि वयाने आधीच कडक झालेले असते.

‘डांबर’ इथे बिट्युमेन, म्हणजे खनिज तेलाचा गाळ, या अर्थाने घ्यावे. दगडी कोळशातून निघणारे कोलटार वेगळे. मराठीने मात्र दोघांना एकाच नावाने हाक मारली आहे.