नाव कोणाचे, नांगर कोणाचा?

‘मिरासदार’ हा शब्द महाराष्ट्रात आता जुन्या कागदपत्रांपुरता, फार तर आडनावापुरता उरला आहे. तंजावरकडे मात्र तो तमिळ बोलीत अद्याप नांदतो. कावेरीच्या खोऱ्यात मिरासदार म्हणजे भातजमिनीचा धनी. नांगर त्याच्याच हाती असतो असे नाही. तो पुष्कळदा कुळाच्या हाती असतो, आणि लावणी-कापणी मजुरांच्या. सरकारने शेतकऱ्यास द्रव्यसाहाय्य करावयाचे ठरविले, म्हणजे ते या तिघांपैकी कोणास पोचते, हा प्रश्न तेथे जुना आहे. त्यात आम्हां मराठी मंडळींचाही थोडा वाटा आहे.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी येथे भोसल्यांची गादी स्थापिली. १८५५ साली ती खालसा झाली. या काळात आमच्या राजांनी देवळांना आणि अन्नछत्रांना जमिनी दिल्या. सरफोजी राजांनी उभारलेले ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र प्रसिद्धच आहे. वाटसरूस अन्न मिळावे हा त्यामागील हेतू उदात्त होता. परंतु दानपत्रात देवाचे नाव आले, छत्राचे आले. कसणाऱ्याचे नाव तेथे येण्याचे कारणच नव्हते.

पुढे इंग्रजी अमलात १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची सोय झाली. पण कर्ज म्हटले की तारण आले, आणि जमीन तारण ठेवणार तो तिचा धनीच. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्याने तंजावरच्या कुळास उत्पन्नाचा दोनपंचमांश हिस्सा ठरवून दिला. १९६० साली देशातील पहिल्या सात जिल्ह्यांत सघन शेतीची जी योजना निघाली, तीत तंजावर होते. बी, खत, औषधे आणि सहकारी कर्ज एकत्र द्यावयाचे, अशी ती कल्पना. पीक वाढले, परंतु ज्याचा खंड तोंडी, त्यास कर्ज मिळणे दुर्घट झाले. वाढलेल्या पिकात मजुराचा वाटा किती, हा तंटाही पेटला. १९६८ च्या डिसेंबरात त्या वेळच्या याच जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी ४४ दलित माणसे जाळली गेली, हे विसरता येत नाही.

२०१९ साली केंद्र सरकारने शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांनी, थेट बँकेत देण्याची योजना सुरू केली. मध्यस्थ गेला, ही गोष्ट चांगलीच झाली. मात्र पात्रता ठरली ती जमीन नावावर असण्याची. संस्थेच्या मालकीची जमीन योजनेतून वगळली आहे, आणि खंडाने कसणारेही त्यात बसत नाहीत. म्हणजे देवस्थानाच्या वा छत्राच्या शेतापुरते पाहिले, तर ना धन्यास पैसा, ना कुळास! आमच्यासारखे सरकारी कारकूनही वगळलेले आहेत, पण आम्हांस पगार आहे. चिखलात उभ्या असलेल्या कुळाची गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने, काही अपवाद वगळता, कुळास मालकीची वाट मोकळी झाली. तंजावरात खंडाचे नियमन झाले; मालकी बहुतांशी जेथल्या तेथे राहिली. म्हणून एकच नियम दोन ठिकाणी दोन फळे देतो.

आम्ही पेशाने कारकून. कोष्टकात ज्याला रकाना नाही, तो माणूस कचेरीच्या लेखी नसतोच, हे आम्ही नित्य पाहतो. त्यात कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. येथे तर तो रकानाही नव्याने आखावयास नको. कुळांची नोंद करण्याचा कायदा तमिळनाडूत १९६९ पासून आहे. धनी नोंदीस राजी नसतो, कूळ जमीन जाईल म्हणून भिते, आणि पान कोरे राहते. ते पान भरणे आणि साहाय्य त्या पानाप्रमाणे वाटणे, एवढेच करावयाचे आहे. ज्या राजांनी अनोळखी वाटसरूच्या पानात अन्न वाढण्यासाठी जमिनी तोडून दिल्या, त्यांच्या दानाला ते शोभेल.