उपविधी दुरुस्ती (महाराष्ट्रातील गृहसंकुले)

उपविधी दुरुस्ती म्हणजे गृहसंकुलाच्या कारभाराचे नियम बदलण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. महाराष्ट्रात सदनिकाधारकांच्या संस्था मुख्यतः दोन कायद्यांखाली येतात : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७०. मतांची गणना दोन्हींत भिन्न तत्त्वांवर होते.

सहकारी गृहनिर्माण संस्था

या संस्थांत सदनिका लहान असो वा मोठी, सभासदास एकच मत असते. १९६१ च्या नियमांतील नियम १२ नुसार दुरुस्तीची रीतसर सूचना सर्व सभासदांना द्यावी लागते. सर्वसाधारण सभेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश सभासदांची संमती मिळाल्यास ठराव संमत होतो. मात्र अधिनियमाच्या कलम १३ नुसार निबंधकाकडे नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती वैध ठरत नाही. कलम १४ अन्वये निबंधक स्वतःही संस्थेस दुरुस्ती करण्याचा निर्देश देऊ शकतो.

अपार्टमेंट मालकांची संघटना

अपार्टमेंट अर्थात कॉन्डोमिनियम पद्धतीत सदनिका मालकाच्या नावावर असते आणि सामाईक भागांत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. या हिश्श्याचा टक्का घोषणापत्रात नमूद असतो व मताचे वजन त्यानुसार ठरते. नमुना उपविधींनुसार दुरुस्तीसाठी सर्व सदनिकांच्या एकूण मूल्यापैकी किमान ७५ टक्के मूल्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्या मालकांची मान्यता आवश्यक असते. कलम १६ नुसार ही दुरुस्ती घोषणापत्राच्या दुरुस्तीत समाविष्ट करून नोंदवावी लागते व तिची प्रत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाखल करावी लागते. 

अनुपस्थितीचा परिणाम

समजा, १०० समान सदनिकांच्या संकुलात सभेला ६० जण आले व सर्वांनी मतदान केले. सहकारी संस्थेत ४० अनुकूल मते पुरेशी ठरतात. गैरहजर सभासद गणनेत धरले जात नाहीत. अपार्टमेंट पद्धतीत मात्र साठही जण अनुकूल असले, तरी ७५ टक्क्यांची अट पूर्ण होत नाही, कारण तेथे प्रमाण सर्व सदनिकांच्या मूल्यावर मोजले जाते. म्हणजेच पहिल्या पद्धतीत गैरहजर राहणारा निर्णय इतरांवर सोपवतो, तर दुसऱ्या पद्धतीत त्याची गैरहजेरी विरोधी मताइतकीच परिणामकारक ठरते.