३ जानेवारी २००२ : प्रकाशाच्या जाळीत अडकले अणू

‘नेचर’ साप्ताहिकाच्या या दिवशीच्या अंकात मार्कुस ग्राइनर, ओलाफ मांडेल, टिलमन एसलिंगर, थिओडोर हेन्श आणि इमॅन्युएल ब्लोख यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. केवल शून्याच्या अगदी जवळ थंड केलेला रुबिडियम अणूंचा ढग त्यांनी म्युनिकमध्ये समोरासमोरून सोडलेल्या लेझर किरणांत धरला होता. असे किरण एकमेकांत मिसळले की स्थिर तरंग उमटतात. आप्पेपात्रासारखे खळगे, पण तिन्ही दिशांना. आणि दोन खळग्यांतले अंतर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी! असे दीड लाखांहून अधिक खळगे भरले होते. प्रकाश मंद असताना अणू जाळीभर एकाच लाटेसारखे पसरलेले होते. तीव्रता वाढवली तसे ते आपापल्या खळग्यात अडकले; अतिप्रवाही वायूचा ‘मॉट विसंवाहक’ झाला. खरे थक्क करते ते पुढचे : प्रकाश पुन्हा मंद करताच काही मिलिसेकंदांत ती लाट परत आली. हे घडू शकेल, असे भौतिकशास्त्रज्ञ पीटर त्सोलर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच गणिताने मांडले होते. आणि एकाच लाटेसारखा वागणारा हा अणूंचा ढग म्हणजे बोस-आइन्स्टाइन संघनित. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवलेल्या प्रकाशकणांवरील निबंधात त्याचे बीज आहे.